घट

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात
सत्तावीस वर्षं मी तोलणार.
गोणी काट्यावर पडायच्या आधी
नजरेनंच सांगतो, पन्नासला दीड कमी.
बारदान वजा करून घ्या.
शेतकरी आणि व्यापारी दोघंही
माझ्या तोंडाकडे बघत उभे.

आणि गेले पाच आठवडे
मी एकशे अठरा.

पहाटे साडेचारला, गाड्या लागायच्या आत,
गाळ्याचं शटर अर्धं उचलून,
चपला, किल्ल्या, मोबाइल,
तंबाखूची रिकामी डबी, सगळं पोत्यावर काढून ठेवून
मी चोरासारखा काट्यावर चढतो.
लाल आकडे जरा थरथरतात,
सांगावं की नको असं करत.
मग एकशे अठरा.
परवा तर वर चारशे ग्रॅम.
खाली उतरून काटा शून्यावर आणला,
वीसचं वजन ठेवलं.
वीसच दाखवलं.
खोट काट्यात नव्हती.

पोट कापून घेतलंय हो मी.
पतपेढीचं कर्ज काढून, वाशीला.
केळ्याएवढं ठेवलंय म्हणाले.
अर्धी वाटी मुगाचं वरण, घास तीसदा चावून,
पाणी घड्याळ लावून.
पुतणीच्या हळदीला मटण मीच वाढलं पंगतीला
आणि चार चमचे रस्सा पिऊन उठलो.
तिथंही आत्या म्हणालीच,
ऑपरेशन झालं ना रे तुझं? कधी आहे?

शेजारच्या खाटेवर उलव्याचा हिराजी होता,
त्याच दिवशीचा, त्याच डॉक्टरचा.
त्याचे एकतीस गेले.
जुन्या पँटच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून
फोटो पाठवतो.
माझे चौदा.
चौदा म्हणजे काय,
आमच्याकडे एका गाडीमागं एवढी सांडलवंड असते.
पासंगाला पुरायचे नाहीत.

कांद्याचं बघा.
गावाकडं चाळीत नुसता पडून असतो,
काही सोडत नाही, चालायला जात नाही,
तरी महिन्याकाठी उतरतो.
व्यापारी कपाळाला हात लावतो,
हणमंतराव, घट फार आली यंदा.
मी पावतीवर आकडा मांडतो.
पन्नाशीला आलेला माणूस मी,
मला कांद्याचा हेवा वाटतो.

आहाराच्या कीर्तने मॅडम म्हणाल्या,
शरीर घाबरलंय, त्याला वाटतंय दुष्काळ पडला,
म्हणून धरून बसलंय. सवडीनं सोडेल.
म्हटलं, म्हणजे साठेबाज आहे म्हणा की.
त्या खूप हसल्या.
मी विनोद केला नव्हता.

रविवारी कोपरखैरण्याच्या खोलीत
मंदा नेलकटर आणि पेपराचा तुकडा घेऊन आली.
अकरा वर्षं माझ्या पायाची नखं तीच काढते.
म्हणजे मला पाय होते, पण ते
तिच्या ताब्यात होते.
मी मोरीच्या उंबऱ्यावर बसलेलो.
कात्रीनं काढून झाली होती.
कसं जमलं विचारू नका. वाकलो, हात पोचला.
अंगठ्याचं तिरकं गेलं थोडं.

ती बघत राहिली.
मला वाटलं, आता शेजारी ओरडून सांगेल.
तिनं पेपराची घडी घातली,
उघडली, परत घातली.
मग मी काय करू, असं काहीतरी पुटपुटली
आणि आत गेली.
शिट्टी झाली नव्हती तरी कुकर बंद केला.

जरा वेळानं मी हाक मारली.
डाव्या करंगळीचं राहिलंय गं,
तिथं नाही पोचत.

पोचत होता.

सोमवारी पहाटे परत चढलो.
तेच.
शटर पुरतं वर केलं.
जुन्नरची गाडी मागं येत होती,
पोरगा ड्रायव्हर, झोपेनं डोळे लाल.
वरची गोणी दाबून बघितली.
ओला माल आहे, त्याला म्हटलं,
आज भरणारच.
उद्याचं उद्या बघू.